डाग तेवढा राहू द्या

आक्काच्या लाँड्रीत दिवस उजाडायचा तो भावजयीच्या शिव्यांनी. भट्टी पेटायच्या आधी, तोंड धुवायच्या आधी, खाटेवर उठून बसल्या बसल्या भावजय आपल्या नवऱ्याचा उद्धार करायची. "मेला पळपुटा! असशील तिथे तुझं तळपट होवो. कुत्रंही तुला हुंगू नये." एवढं झालं की चूळ भरायची आणि बटणांचा डबा मांडीवर घेऊन कामाला बसायची. पंचेचाळीस वर्षं हा नेम चुकला नव्हता. समोरचा सायकल दुरुस्तीवाला तेवढं ऐकून मगच दुकानाची फळी उघडायचा.

आक्का म्हणजे भावजयीची नणंद आणि लाँड्रीची मालकीण. वय चौऱ्याहत्तर, पण भरलेली बादली अजून एका हातानं उचलायची. लग्न तिनं केलं नाही. ज्यांचे ज्यांचे कपडे धुतले त्यांच्यापैकी एकालाही घरात घ्यावंसं वाटलं नाही, असं ती कुणी विचारलं तर सांगायची. भावजय तिच्याहून सहा वर्षांनी लहान. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, तरी गिऱ्हाइकांची बटणं आणि उसवलेल्या शिवणी ती बोटांनी चाचपून शिवायची. डावखुरी असल्यामुळे तिचे टाके सगळ्या जगाच्या उलट बाजूला कललेले असायचे. लाँड्री म्हणजे तरी काय, दोन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर, इस्त्रीचं टेबल आणि छतापर्यंत कप्पे. मागच्या खोलीत भट्टीचं तांब्याचं भांडं, दोन दगडी हौद, दोन खाटा. त्यापलीकडे अंगण आणि अंगणात दोऱ्या.

गावाबद्दल आक्काचं मत काही बरं नव्हतं. कसं असणार? गाव आपली अब्रू लोकांना बाहेरच्या बाजूनं दाखवायचं आणि आक्काकडे आतल्या बाजूनं पाठवायचं. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खिशात सिनेमाची तिकिटं निघायची, तीही शाळेच्या वेळेतली. न्यायाधीशांच्या झग्याच्या आतून असा वास यायचा की आक्का तो झगा काठीनं उचलून हौदात टाकायची. कपडा हातात आला की ती पहिल्यांदा कॉलर उलटी करायची. मळ तिथे असतो आणि खूणही तिथेच असते. खूण म्हणजे रंगीत दोऱ्याचे चार-दोन टाके, गिऱ्हाईक नवं आलं की आक्का स्वतः घालायची, म्हणजे शंभर पांढऱ्या शर्टांत कुठला कुणाचा ते कळायचं. माणसांची नावं ती विसरायची, खूण कधीच विसरली नाही.

तर अशा ह्या लाँड्रीत एका सकाळी स्वातंत्र्ययुद्ध स्मारक समितीचा चिटणीस आला. हातांत पांढरे हातमोजे, बगलेत चपटी पेटी आणि चेहऱ्यावर असा भाव की पेटीत निदान राजमुकुट तरी असावा.

"आक्का, आज तुमच्या हाताला इतिहास लागणार आहे," तो म्हणाला.

"लागू दे. साबणानं जाईल."

चिटणीसानं पेटी उघडली. आत शर्ट होता. पिवळा पडलेला, बुरशीचे हिरवट ठिपके आलेला, डाव्या खांद्याखाली भोक आणि तिथून कमरेपर्यंत उतरलेला तपकिरी डाग. हा शर्ट सगळ्या गावाला ठाऊक होता. स्मारकाच्या खोलीत काचेच्या कपाटात तो चाळीस-पंचेचाळीस वर्षं टांगलेला होता. गावच्या कॅप्टनचा शर्ट. वर्षातून एकदा शाळेची पोरं रांगेनं त्याच्यापुढून नेली जात. आक्कानं मात्र तो कधी बघितला नव्हता. कॅप्टनला बघितलं होतं, तेवढं तिला पुरे होतं.

"पुढच्या आठवड्यात समारंभ आहे," चिटणीस सांगू लागला. "मंत्री येणार, टीव्हीवाले येणार. मी युद्धाच्या अज्ञात कहाण्यांचं पुस्तक काढतोय, त्याचंही प्रकाशन. शर्ट कसा पांढराशुभ्र दिसला पाहिजे. डाग तेवढा राहू द्या."

"कुठला डाग?"

"रक्ताचा हो! डाग गेला तर समितीनं कशावर चालायचं?"

"म्हणजे धुवायचाही आणि धुवायचाही नाही."

"तुम्ही जुन्या कारागीर, तुम्हाला जमेल. थोडा उठावदार झाला तर उत्तमच."

आक्कानं पावतीपुस्तक ओढलं. अर्धी चिठ्ठी कपड्याला, अर्धी गिऱ्हाइकाला, हा तिच्या बापाच्या वेळेपासूनचा नियम, आणि काउंटरवरच्या पाटीवर तो लिहिलेला होता. चिटणीसानं हात झटकला.

"आक्का, हा देशाचा ठेवा आहे. देशाच्या ठेव्याला पावती कसली?"

"ठेवा असो नाहीतर लंगोट, पावतीशिवाय माल परत मिळत नाही."

तो मोठ्यानं हसला. लाँड्रीवाली म्हातारी विनोद करते हे त्याला फार गमतीचं वाटलं असावं. पावती न घेताच तो गेला.

आता ह्या युद्धाबद्दल थोडं सांगायला हवं. देशात इतरत्र माणसं सहा-सहा वर्षं लढली, मेली, तुरुंगात कुजली. ह्या गावाच्या वाट्याला स्वातंत्र्ययुद्ध आलं ते एकंदर सव्वा तास. भर दुपारी परक्या सरकारचं टेलिफोन एक्स्चेंज कुणीतरी स्फोटानं उडवलं, शिपायांनी तासभर रस्त्यांवर गोळ्या झाडल्या, आणि संपलं. त्या वेळी गावातला एक माणूस घराबाहेर नव्हता. दारांना कड्या, खिडक्यांना अडसर, आणि बरीचशी बहाद्दर मंडळी पलंगाखाली. पण चार महिन्यांनी देश स्वतंत्र झाला आणि त्या सव्वा तासात माणसं भरायला सुरुवात झाली. पहिल्या वर्षी सात स्वातंत्र्यसैनिक होते, दहाव्या वर्षी चाळीस. आता तर त्यांत असे दोन आहेत की त्या दुपारी ते पाळण्यात होते. ते म्हणे रडून इशारा देत होते.

ह्या सगळ्यांचा मुकुटमणी कॅप्टन. कुठल्याही सैन्यात तो कधी नव्हता. त्याची लाकडाची वखार होती, एक्स्चेंजच्या बरोबर मागे. त्याची कहाणी पोरांना तोंडपाठ होती. कॅप्टन इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून साहेबी थाटात एक्स्चेंजमध्ये शिरला, पहारेकऱ्यानं त्याला अधिकारी समजून सलाम ठोकला, फायलीच्या डब्यातला बॉम्ब त्यानं आत ठेवला आणि बाहेर येताना खांद्याखाली गोळी लागली तरी तो निसटला. पुढे तो दोनदा नगराध्यक्ष झाला, चौकाला त्याचं नाव दिलं, वखारीच्या जागी पेट्रोल पंप आला. गोळीची खूण त्याच्या अंगावर कुणी बघितली नव्हती. देशभक्ताला शर्ट काढून दाखवा असं कोण म्हणणार?

त्याच कहाणीत एक भेकडही होता. कहाणीला चव यायला असा एखादा लागतोच. तो भेकड म्हणजे आक्काचा धाकटा भाऊ.

धाकटा लाँड्रीचे कपडे घरपोच करायचा. त्या सकाळी गाठोडं घेऊन तो एक्स्चेंजच्या बाजूला गेला आणि परत आला नाही. कॅप्टननं सांगितलं, तो माझ्याबरोबर येणार होता, पण ऐन वेळी त्याचे पाय लटपटले आणि दहाच्या गाडीनं त्यानं सरहद्द गाठली, मी डोळ्यांनी बघितलं. गावानं मान डोलावली. आणि खरं बोलायचं तर आक्कानंही डोलावली. कारण त्या सकाळी गाठोडं बांधताना त्यात एक शर्ट कमी भरला होता. एक्स्चेंजच्या सुपरिंटेंडंट साहेबाचा, भारी कापडाचा. आक्कानं तो सगळीकडे शोधला. दुपारचा स्फोट झाला आणि धाकटा आला नाही तेव्हा तिनं दोन अधिक दोन केले, आणि संध्याकाळी नळावर चार बायकांत तीच म्हणाली, "साहेबाचा शर्ट घालून पळाला मेला."

भावजयीचं दुखणं आणखी वेगळं. आदल्या दिवशी धाकट्यानं तोच शर्ट तिच्यापुढे टाकला होता. "साहेबानं बाह्या आखूड करायला सांगितल्यात. त्याचा हात माझ्याएवढाच आहे, माझ्यावरच माप घे." तिनं माप घेतलं, दोन्ही बाह्यांना आतून दुमड घालून शिवली. साहेबाच्या जुन्या शर्टाची बाही साहेबाला एकाएकी लांब कशी झाली, हे तिच्या डोक्यात आलं नाही. लग्नाला अकरा महिने झालेले, नवरा हात पुढे करून समोर उभा, तो हसत होता आणि तीही हसत होती. दुसऱ्या दिवशी तिला कळलं की पळून जायचा शर्ट त्यानं तिच्याकडूनच बेतून घेतला. माणूस पळतो तर पळतो, पण बायकोला असं वापरून? रोज सकाळच्या त्या शिव्यांना हे मूळ होतं.

चिटणीस गेल्यावर आक्कानं पेटीतला शर्ट उचलला आणि सवयीनं कॉलर उलटी केली.

निळा दोरा. तीन उभे टाके आणि एक फुली.

सुपरिंटेंडंट साहेबाची खूण. तिनंच घातलेली.

मग तिनं बाही उलटी केली. कोपराच्या वर दुमड होती, आणि दुमडीवरचे टाके सगळ्या जगाच्या उलट बाजूला कललेले होते. आक्का इस्त्रीच्या टेबलाला धरून खाली बसली. तिला रडू आलं नाही, आधी राग आला. पंचेचाळीस वर्षं हा शर्ट तीन गल्ल्या पलीकडे काचेत लोंबकळत होता. तीन मंत्र्यांनी त्याला नमस्कार केला, एका प्राध्यापकानं त्याच्यावर चौदा पानं लिहिली, आणि एकाही शहाण्यानं कॉलर उलटून बघितली नाही. कशी बघणार? कपाटाच्या किल्ल्या ज्यांच्याकडे होत्या त्यांनी जन्मात स्वतःची कॉलर घासलेली नव्हती. आणि ज्या बायका रोज घासत होत्या, त्यांना किल्ली कोण देतो?

मग त्या रागाला वळण मिळालं आणि तो तिच्यावरच आला. तूही गेली नाहीस, ती स्वतःला म्हणाली. गावाला तुच्छ समजून नाक वर करून बसलीस, आणि भाऊ तिथे टांगलेला होता.

भावजयीला सांगायचं की नाही, ह्यात दिवस गेला. शिव्या तर शिव्या, पण बाईला सकाळी उठायला एक कारण होतं. अडुसष्टाव्या वर्षी ते काढून घ्यायचं आणि त्याच्या जागी काय ठेवायचं? आणि न सांगावं तर ती उद्या उठून पुन्हा त्यालाच शिव्या देणार, आणि आक्कानं त्या ऐकायच्या. ते तिला जमणार नव्हतं. दिवेलागणीला ती भावजयीच्या खाटेवर जाऊन बसली आणि न बोलता बाही तिच्या हातात दिली.

भावजयीनं सवयीनं उसवलंय कुठे ते चाचपायला घेतलं. बोटं दुमडीपाशी आली आणि थांबली. पुन्हा मागे गेली, पुन्हा आली.

"वन्सं, हे माझं शिवण आहे."

"हो."

"हा कुठे सापडला?"

"कॅप्टनचा म्हणून काचेत ठेवलाय, तो हा."

"आणि ते?"

आक्कानं तिचं बोट धरून भोकापाशी नेलं. भावजयीनं बोट आत घातलं, ते पलीकडून बाहेर आलं. भोवतालचं कापड कडक झालेलं होतं, पापडी धरल्यासारखं. तिनं तेही चाचपलं.

"मग मी इतकी वर्षं कुणाला शिव्या दिल्या?"

"माझं चुकलं, वहिनी. नळावर मीच सांगितलं होतं."

"तुम्ही एकदा सांगितलंत," भावजय म्हणाली. "मी रोज सांगत होते."

मग दोघीही रडल्या. आक्का रडते हे गल्लीत कुणी बघितलं नव्हतं, त्या दिवशीही बघितलं नाही.

सकाळी भावजय उठली, खाटेवर बसली आणि तोंड मिटून बसून राहिली. सायकलवाल्यानं दुकान पाऊण तास उशिरा उघडलं. आठ वाजता ती एवढंच म्हणाली, "त्याला बोलवा. मला विचारायचंय."

आक्कानं चिटणीसाला निरोप धाडला की डाग नेमका कुठवर ठेवायचा ते कॅप्टननी स्वतः येऊन दाखवावं. दुपारी गाडी दाराशी थांबली. कॅप्टन उतरला. उंच, थोराड, सत्त्याहत्तरीतही ताठ, छातीवर तीन पदकं. लाँड्रीत यायला पदकं लावून आला होता.

"काय आक्का, जमतंय ना? दैवी शर्ट आहे तो."

"घालून दाखवा."

"आता कसला बसतोय मला!" त्यानं पोटावर थाप मारली. "माणूस वाढतो."

"पोटानं वाढतो, हातानं नाही वाढत. एक बाही घाला."

तो हसला, पण आक्का हसली नाही तेव्हा त्यानं कोट काढला आणि हात बाहीत घातला. बाही मनगटाच्या वीतभर आधीच संपली.

"धुऊन आटला असेल," कॅप्टन म्हणाला.

"धुतला कुणी? डाग तसाच आहे की."

कॅप्टन गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला. एक हात बाहीत, दुसरा गुडघ्यावर. आक्कानं त्याच्या डोळ्यांपुढे कॉलर उलटी करून निळी फुली दाखवली, मग दुमड दाखवली. जास्त काही बोलायची गरज पडली नाही. भावजय आतल्या दारात चौकटीला धरून उभी होती.

"कुठे आहेत ते?" तिनं विचारलं.

"वहिनी, त्या काळातली परिस्थिती आजच्या पिढीला..."

"भाषण नको," आक्का म्हणाली. "ते मंत्री आल्यावर करा. तिनं काय विचारलं तेवढं सांगा."

मग त्यानं सांगितलं. बॉम्ब धाकट्यानंच ठेवला. पहारेकऱ्यानं सलाम ठोकला तोही धाकट्याला, म्हणजे खरं तर आक्काच्या इस्त्रीला. कॅप्टननं वखारीच्या मागच्या दारापाशी हातगाडी घेऊन थांबायचं आणि धाकट्याला लाकडांखाली दडवून न्यायचं, एवढंच त्याचं काम होतं. स्फोटाचा आवाज ऐकला आणि त्यानं दाराला आतून कडी घातली. धाकटा आला, दार ठोठावू लागला.

"उघडलंत?"

"उघडलं. थोड्या वेळानं. तो ठोठावायचा थांबेना, शिपायांना ऐकू गेलं असतं." कॅप्टन जमिनीकडे बघून बोलत होता. "भुशावर निजवलं त्याला. चार वाजेपर्यंत होता."

"काय म्हणाले?" भावजयीनं विचारलं.

"घरी कळवा म्हणाला."

"आणखी?"

"पाणी मागत होता."

"दिलंत?"

"नळ अंगणात होता, वहिनी. बाहेर शिपाई फिरत होते."

लाँड्रीत फक्त मागच्या हौदात टपटपणाऱ्या पाण्याचा आवाज होता. आक्कानं उभ्या जन्मात पुष्कळ घाण बघितली होती, पण ती हातानं चोळता येण्यासारखी होती.

"पळाला म्हणून का सांगितलंत?"

"मेला म्हणालो असतो तर प्रेत कुठे, असं विचारलं असतं. वखारीतच पुरला होता. स्वातंत्र्य आलं की सगळं सांगणार होतो. पण त्याआधीच नोकराच्या हाताला शर्ट लागला, आणि लोकांनी मलाच खांद्यावर उचललं. मी स्वतः कधी म्हणालो नाही हो. लोकच म्हणाले."

"आणि तुम्ही नाही म्हणाला नाहीत."

"खांद्यावरून खाली उतरायचं कसं, आक्का?" हे मात्र त्यानं अगदी मनापासून विचारलं.

"शर्ट का काढून घेतलात त्याच्या अंगातून?"

कॅप्टननं बाहीच्या कापडावरून बोट फिरवलं. आक्कानं पुन्हा विचारलं.

"चांगल्या कापडाचा होता," तो म्हणाला. "भोक रफू झालं असतं."

आक्का त्याच्याकडे बघत राहिली. एवढ्या मोठ्या देहात, तीन पदकांच्या मागे, एवढंसंच काहीतरी होतं आणि त्याच्यासाठी गावानं चौक दिला होता. तिला त्याला मारावंसंही वाटलं नाही. माराला काहीतरी लायकी लागते.

"वखारीत नेमकं कुठे?" भावजयीनं विचारलं.

"करवत होती तिथे. आता हवा भरायचं मशीन आहे."

भावजयीनं मान हलवली, जशी ती गिऱ्हाइकानं बटणाची जागा सांगितल्यावर हलवायची. "ती बाही काढा अंगातून," ती म्हणाली, आणि त्यानं काढल्यावर शर्ट हातात घेऊन ती मागच्या खोलीकडे वळली. "वन्सं, गार पाणी घाला."

रक्त गरम पाण्यानं पक्कं बसतं आणि गार पाण्यानं सुटतं, हे लाँड्रीत पहिल्या दिवशी शिकवतात. आक्कानं हौदात मूठभर मीठ टाकलं आणि शर्ट बुडवला. कॅप्टन मागोमाग आला होता.

"आक्का, डाग! डाग ठेवायचा होता!"

आक्कानं शर्ट आणखी खाली दाबला. पाणी हळूहळू तपकिरी होत गेलं. कॅप्टन थोडा वेळ बघत उभा राहिला, मग कोट उचलून निघून गेला. पाणी चार वेळा बदललं. शेवटी खांद्याखाली फिकट पिवळी सावली तेवढी उरली. आक्कानं खळ घातली, नीळ दिली, दोरीवर वाळवून कडक इस्त्री केली. दुमड उसवू का, असं तिनं विचारलं तेव्हा भावजय म्हणाली, "राहू दे. माप त्यांचंच आहे."

कुणी म्हणेल, पुरावा धुतला. पुरावा कुणासाठी ठेवायचा? गावाला तो पंचेचाळीस वर्षं काचेत लावून दिला होता, वर दिवासुद्धा सोडला होता.

दोन दिवसांनी चिटणीस आला. शर्ट कप्प्यात घडी करून ठेवलेला होता, इतका शुभ्र की चिटणीसाच्या तोंडचं पाणी पळालं.

"डाग कुठाय?"

"लाँड्रीत दिला होतात ना? लाँड्रीत डाग जातो."

"सत्यानाश केलात! बरं द्या इकडे, आता काहीतरी करावं लागेल."

"पावती?"

"कसली पावती?"

आक्कानं बोटानं पाटी दाखवली. चिटणीसानं आरडाओरडा केला, कायदा काढला, मंत्र्यांचं नाव घेतलं. आक्कानं कॉलर उलटी करून त्याला खूण दाखवली आणि सगळं सांगितलं. बाहीसकट, पाण्यासकट, हवेच्या मशीनसकट. तो अज्ञात कहाण्या गोळा करणारा माणूस. अज्ञात कहाणी त्याच्या समोर काउंटरवर घडी घालून ठेवलेली. त्यानं ती ऐकली, घाम पुसला आणि म्हणाला, "आक्का, पुस्तक छापून झालंय हो."

समारंभ ठरल्या दिवशी झाला. कपाटात शर्ट होताच. सायकलवाला बघून आला, त्यानं सांगितलं की शर्ट नवा कोरा दिसत होता, भोक सिगारेटनं पाडल्यासारखं गोल आणि डाग कॉफीचा. मंत्र्यांनी त्याला वाकून नमस्कार केला. कॅप्टनला हार घातला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि सगळ्या गावाचा ऊर भरून आला. टीव्हीवर दोनदा दाखवलं.

लाउडस्पीकर चौकात कोकलत होता तेव्हा आक्का आणि भावजय पेट्रोल पंपावर होत्या. आक्काच्या हातात गार पाण्यानं भरलेली बादली. हवेच्या मशीनच्या बाजूची फरशी फुटलेली होती, तिथे मातीचा हातभर तुकडा उघडा होता. भावजय गुडघ्यांवर बसली आणि तांब्यानं त्या मातीवर पाणी घालू लागली. घाईनं नाही, पिणाऱ्याला ठसका लागणार नाही अशा बेतानं.

"ओ आजी, मशीन भिजेल," पंपावरचा माणूस ओरडला.

"भिजू दे," आक्का म्हणाली. माती पाणी शोषत होती. बादली रिकामी झाल्यावर भावजयीनं ओला हात तसाच मातीवर ठेवला आणि नवऱ्याशी काहीतरी बोलली. ते आक्कानं ऐकलं नाही, ती मुद्दाम लांब जाऊन उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजय खाटेवर उठून बसली. आठवडाभर ती रोज अशीच गप्प बसत होती, घास अडकल्यासारखी. आक्का भट्टीत लाकडं सारत होती.

"वन्सं," भावजय म्हणाली, "उठते आणि तोंडाशी तेच येतं हो. पंचेचाळीस वर्षांची सवय. आता सकाळी काय म्हणू मी?"

आक्कानं फुंकर मारून जाळ केला. धुरानं आलेलं डोळ्यातलं पाणी मनगटानं पुसलं.

"आहे तेच म्हण. शिव्या त्याच ठेव, माणूस तेवढा बदल."

भावजयीनं क्षणभर विचार केला. शब्दन् शब्द तपासून बघितला असावा, कारण मग तिनं मान हलवली, पदर सावरला आणि छाती भरून श्वास घेतला.

त्या दिवशी सायकलवाल्यानं दुकान वेळेवर उघडलं.